भिंतीची पाठ

घर बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी आमची नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. काही घरमालक आडून आडून जात विचारतात, तीही विचारली नाही. "ओले कपडे कुठं वाळवता?" एवढंच विचारलं. मला वाटलं, अंगणात दोरी बांधायला बंदी असणार. म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "घरातच वाळवतो काका, तुम्हाला काही त्रास नाही." त्यांनी कपाळाला हात लावला. ते घर आम्हाला मिळता मिळता राहिलं असतं.

मखमलाबादच्या रस्त्याला त्यांचं बैठं घर होतं. मधोमध भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले. एका भागात ते आणि काकू, दुसऱ्यात आम्ही तिघं. मी शाळेच्या ऑफिसात होते, नवरा अंबडच्या कारखान्यात पाळ्यांवर, आणि सई तेव्हा पहिलीत. तिची शाळा चालत पाच मिनिटांवर होती, म्हणून मला तेच घर हवं होतं. शेवटी "कपडे गच्चीवरच वाळवीन" असं मी कबूल केलं तेव्हा किल्ली हातात पडली.

काका मूळचे सायखेड्याचे. सगळा जन्म दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत गेला. छाटणी कधी करायची, कुठलं औषध कधी मारायचं, हे विचारायला निफाडपासून दिंडोरीपर्यंतचे बागायतदार त्यांना गाडी पाठवून न्यायचे. गुडघे गेले तशा बागा सुटल्या. पानं तपासायचं भिंग मात्र सुटलं नाही. बुटाच्या नाडीला बांधून ते गळ्यात घालायचे आणि आता बागांच्या जागी भिंती तपासायचे.

द्राक्षावर दोन बुरश्या पडतात. भुरी म्हणजे पानावर पीठ सांडल्यासारखी दिसते ती, आणि दुसरी डावणी. हे मला पहिल्याच आठवड्यात, दूध उतू जात असताना, ऐकावं लागलं.

"भुरी बरी," ते दारात उभे राहून सांगत होते. "समोरून येती, समोर दिसती. डावणी लय लबाड. वरून नुसता तेलकट डाग. पान उलटं केल्याबिगर कळत नाय. म्हणून मी बागवाल्याला काय सांगायचो? पानाची पाठ बघा."

"काका, दूध गेलं."

"जाऊ द्या. त्यावर झाकण ठेवत जा. वाफ भिंतीत जाती."

झाकण हा त्यांचा धर्मच होता. भात झाकून, आमटी झाकून, आंघोळ झाली की न्हाणीघराचं दार लावून खिडकी उघडी. कपाट भिंतीला चिकटलेलं दिसलं की त्यांना चैन पडत नसे. कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटं शिरलीच पाहिजेत. ते स्वतःची चार बोटं घालून बघायचे आणि त्यांची बोटं होती काकडीएवढी. पांढरं काही दिसलं की लोक बुरशी म्हणतात, याचा त्यांना राग होता. ते पाण्याचा एक थेंब लावायचे. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतला खार. नाही विरघळलं, दबून बसलं, तर बुरशी. डागावर रंग मारणाऱ्यांना ते माणसात धरत नसत.

"बुरशी हा रोग नाय, ताई. ओल हा रोग. बुरशी बिचारी फक्त चुगली करती."

बोलावणं असो नसो, ते भिंत बघायचे. समोरच्या घरी सत्यनारायण होता. कथा चालू होती, चौरंगामागच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं. हे उठले, गुरुजींच्या मागून गेले, कॅलेंडर वर उचललं आणि भिंग लावलं. गुरुजी थांबले. सगळे थांबले. "चालू द्या," म्हणाले, आणि यजमानाकडे वळून, "तुमची वरची टाकी गळती." यजमानीणबाईंचा चेहरा असा झाला की मी मान खाली घालून हसू दाबलं. पण टाकी खरंच गळत होती. आठ दिवसांत प्लंबर आला आणि त्यानंतर त्या गल्लीत त्यांना सगळे वचकून असायचे. ते आले की लोक आधी कॅलेंडरं सरळ करायचे.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे पेन्सिल. भिंतीवर डाग दिसला की टॉर्च भिंतीला आडवा लावून ते त्याची कड शोधायचे. समोरून प्रकाश टाकला तर बुरशीची लव दिसत नाही, आडवा टाकला की दिसते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. मग त्या कडेवरून पेन्सिलीने रेघ ओढायची आणि बाजूला आकडा लिहायचा. तारीख नाही, आकडा. द्राक्षवाले तारखेने बोलत नाहीत. छाटणीपासून कितवा दिवस, असं बोलतात. चाळिसावा दिवस, साठावा दिवस. बागेत काय करायचं ते त्यावरून ठरतं. भिंतीलाही त्यांनी तेच लावलं होतं. फक्त भिंतीची छाटणी कधी झाली, ते मला कळत नव्हतं. मी विचारलं तेव्हा "असतो एक दिवस" म्हणून त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली.

काकूंना आम्ही पहिले कित्येक महिने पाहिलंच नाही. आम्ही यायच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, डावी बाजू गेली होती. काका कुणाला त्यांच्या भागात येऊ देत नसत. मी एकदा उपवासाची खिचडी घेऊन गेले तर त्यांनी दारातच डबा घेतला, दारातच रिकामा करून परत दिला. काकू आम्हाला माहीत होत्या त्या आवाजाने. सकाळी मधल्या भिंतीपलीकडून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज यायचा, मग पाणी ओतल्याचा, मग परत तांब्या. बराच वेळ चालायचं. सई त्या मागच्या खोलीत झोपायची आणि त्या आवाजानेच उठायची. "आजींची आंघोळ झाली," म्हणायची.

त्याच भिंतीवर आमचा डाग होता.

पहिल्या श्रावणात तो पोळीएवढा होता. काकांनी रेघ ओढली, आकडा लिहिला आणि माझी उलटतपासणी घेतली. कपडे? गच्चीवर. भात? झाकून. खिडकी? उघडी. मुलीचा ओला रेनकोट कुठे टांगता? या प्रश्नाला मी सापडले. रेनकोट त्याच खोलीत, दारामागे टांगत होते. "हे बगा," ते म्हणाले, आणि सगळं तिथेच मिटलं. डाग आमच्या रेनकोटाचा ठरला.

रेनकोट बाहेर गेला. पाऊस संपला. डाग वाढला.

दिवाळीनंतर सईला खोकला लागला. आधी नुसता खोकला, मग रात्री शिट्टी वाजल्यासारखा श्वास. डॉक्टरांनी पंप दिला आणि विचारलं, घरात कुठे ओल आहे का? मी हो म्हटलं. "मग मुलीला तिथे झोपवू नका, आणि ओल बंद करा. नुसत्या औषधावर भागणार नाही." तिला आम्ही पुढच्या खोलीत घेतलं, पण तो वास घरभर होता. जुन्या पुस्तकांचा, ओल्या पायपुसण्याचा वास. सहा वर्षांची मुलगी शाळेचा जिना चढून वर जायची आणि कठड्याला धरून उभी राहायची, मैत्रिणी पुढे पळून गेल्यावर. नवरा म्हणाला, घर सोडू. मी म्हटलं, आधी काकांना विचारू, या माणसाला भिंतीतलं कळतं.

मी त्यांना सईच्या खोकल्याचं सांगितलं. ते घरातून प्लॅस्टिकचा एक चौकोन आणि चिकटपट्टी घेऊन आले. "परीक्षा करू," म्हणाले. डागाजवळ प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवायचं. दोन दिवस ठेवायचं. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं, तर ओल घरातल्या हवेची, म्हणजे राहणाऱ्याची. भिंतीकडच्या बाजूला जमलं, तर ओल भिंतीतून येते, म्हणजे बांधणाऱ्याची. मला ते फार आवडलं. इतकी साधी, सरळ गोष्ट.

दोन दिवसांनी मी ऑफिसातून आले तर प्लॅस्टिक निघालेलं होतं. नवरा रात्रपाळी करून झोपला असताना काका येऊन काढून घेऊन गेले होते.

"वरून ओलं व्हतं," त्यांनी अंगणातूनच सांगितलं. माझ्याकडे न बघता. "घरातली हवा. अजून जपा."

मी जपलं. तीन महिने मी त्या घरात वेड्यासारखी जपले. कुकरची शिट्टी झाली की खिडकीत टॉवेल हलवायचे. सईचे केस ओले असले तर तिला अंगणात पिटाळायचे. फरशी पुसणं बंद केलं, नुसती झाडायचे. नवऱ्याशी भांडले, की तुझी दारामागची ओली बनियन आपल्या मुलीला मारणार. संक्रांत झाली, हवा इतकी कोरडी झाली की ओठ फुटले, आणि भिंतीवरची रेघ परत दोन बोटं पुढे सरकली.

तेव्हा मी स्वतः प्लॅस्टिक लावलं. दुधाची पिशवी कापून, धुऊन, सुकवून. दोन दिवसांनी स्वतः काढलं. खोलीकडची बाजू खडखडीत होती. भिंतीकडच्या बाजूला थेंब होते, टपोरे, माझ्या मनगटावर ओघळले.

त्या खोलीत काकांचं एक लोखंडी कपाट होतं. "आमचं सामान हाय त्यात, हलवू नका," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते भिंतीपासून बरोबर चार बोटं लांब होतं, पण मागे काय आहे ते मी कधी वाकून बघितलं नव्हतं. नवऱ्याला उठवलं. दोघांनी मिळून कपाट ओढलं.

मागे रेघा होत्या. एकात एक, त्याच हाताच्या. भिंतीच्या उघड्या भागावर आम्ही आल्यानंतरचा पहिला आकडा तीनशेच्या पुढचा होता. इथे होते पस्तीस, साठ, एकशे दहा. म्हणजे डाग आमच्या आधीपासून होता. त्यांनी तो पाहिला होता, त्याच्या भोवती रेघ ओढली होती, त्याच्यापुढे कपाट लावलं होतं आणि मग आम्हाला विचारलं होतं, ओले कपडे कुठं वाळवता?

मी त्यांना हाक मारली. ते आले. कपाट सरकलेलं बघितलं आणि भिंग हातात घट्ट धरून उभे राहिले.

"कितवा दिवस आहे काका आज?"

"पाचशे बारावा."

"कशापासून?"

ते सांगू लागले. सांगताना भिंतीकडे बघत होते. काकूंचा झटका ओसरल्यावर त्यांना घरी आणलं. त्यांच्या भागाचं न्हाणीघर मागच्या अंगणात, तीन पायऱ्या खाली. आमच्या भागात ते आतच होतं, कारण बाहेरचं न्हाणीघर असलेल्या जागेला भाडेकरू मिळत नाही, आणि काकूंच्या औषधांना भाडं लागत होतं. काका काकूंना उचलून पायऱ्या उतरायचे. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघड्या. तिसऱ्या दिवशी काकूंनी आंघोळ सोडली. दुसऱ्या कुणी बाईने घातलेलीही नको. पंधरा दिवस. मग काकांनी खोलीतच, मधल्या भिंतीला लागून, स्वतःच्या हाताने मोरी बांधली, तोच पहिला दिवस. भिंतीत धरायला पाइप, तिच्या उजव्या हाताच्या मापाने. बसायला ओटा, तिच्या उंचीचा. ती स्वतः बसते, स्वतः तांब्याने पाणी घेते. "दिवसभरात तेवढी एकच गोष्ट तिची ती करती."

"गवंडी का नाही बोलावला?"

"गवंडी तिला म्हणला असता, बसून दाखवा." त्यांनी भिंतीवर बोट टेकवलं. "उतार चुकला, ताई. मला कळलं पस्तिसाव्या दिवशी. सगळा जन्म पाणी जिरवायला शिकलो, मुळाशी जिरलं पायजे. काढून लावायचं कधी शिकलोच नाय."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. "माझ्या मुलीला श्वास घेता येत नाही काका," मी ओरडले. "आणि तुम्ही माझ्या रेनकोटाचा हिशोब काढत होता! प्लॅस्टिक ओलं कुठून होतं?"

"आतून," ते म्हणाले.

"मग खोटं का बोललात?"

"मोरी फोडायला लागली असती."

तेवढ्यात पलीकडून भिंतीवर तांब्या आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात. ज्या भिंतीतून आम्हाला त्यांचं पाणी ऐकू यायचं, त्याच भिंतीतून त्यांना आमचं बोलणं ऐकू जात होतं. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं.

ते गेले, त्यांच्या मागोमाग मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले. कॉटवर एक बारीक बाई बसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र लखलखीत. शब्द जड येत होते, पण एकेक शब्द नीट कळत होता.

"पोरगी खोकते ती... माझ्या पाण्यानं?"

काकांनी मान हलवली.

"फोडा."

"अगं, पंधरा दिवस लागतील. तू परत आंघोळ..."

"आत्ता फोडा."

त्यांनी हातोडा आणला. काकू बघत होत्या आणि ते ओट्यावर घाव घालत होते. गुडघे वाकत नव्हते म्हणून उभ्यानेच, कमरेतून वाकून. चौथ्या घावाला माझ्या नवऱ्याने येऊन त्यांच्या हातून हातोडा काढून घेतला. धरायचा पाइप मात्र काकांनी स्वतः सोडवला आणि पुसून कॉटखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काकू बसलेल्या. खांद्यावर टॉवेल, मांडीवर तोच तांब्या. काका मागे खुर्चीची पाठ धरून उभे. आमचा उंबरा ते ओलांडत नव्हते.

"तुझ्या न्हाणीत नेतीस का?" काकू म्हणाल्या. "पण तू तोंड फिरवून उभी राहा."

मी बावीस दिवस तोंड फिरवून उभी राहिले. एक हात मागे करून त्यांना धरायला द्यायचा आणि दाराकडे बघत राहायचं. दहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाठ राहती गं. हात पोचत नाय." मग मी वळले आणि पाठ चोळून दिली. त्यांच्या पाठीवर ओल्या माणसाचा साधा, स्वच्छ साबणाचा वास होता. मला त्या दिवशी रडू आलं, ते त्यांच्यासाठी होतं की सईसाठी, की तीन महिने मी स्वतःच्या माणसांवर ओरडले त्यासाठी, सांगता येत नाही.

गवंड्याने नवी मोरी बांधली. उतार बाहेरच्या भिंतीकडे, खाली वॉटरप्रूफिंग, पाइप परत त्याच मापावर. काकूंनी गवंड्यासमोर ओट्यावर बसून दाखवलं, साडीसकट, आणि "दोन बोटं खाली घे" म्हणून सांगितलं.

भिंत लगेच वाळत नाही. तिला पुढचा उन्हाळा लागला. काका दर आठवड्याला दार वाजवून येऊ लागले, आधी विचारून. आता रेघा आतल्या आत ओढल्या जात होत्या, प्रत्येक मागचीपेक्षा लहान, आणि आकडे परत एकपासून सुरू झाले होते. सई टॉर्च धरायची. खोकला कमी झाला. पूर्ण गेला नाही. थंडीत पंप अजूनही लागतो, आणि तेव्हा मला काकांचा राग येतो. त्यांची माफी मागायची पद्धतही आगाऊच होती. सईसाठी द्राक्षाची पेटी आणायचे आणि प्रत्येक मणी भिंगाखाली तपासून तिच्या हातावर ठेवायचे.

पुढे आम्ही पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला. निघताना नवरा म्हणाला, काका, ती खोली रंगवून देतो. त्यांनी नको म्हटलं. मला वाटलं, रंगाच्या बाबतीतला नेहमीचा हट्ट.

सहा-सात महिन्यांनी काकूंना भेटायला गेले. आमचा भाग अजून रिकामाच होता. गल्लीतल्या बाई म्हणाल्या, लोक येतात आणि जातात, हा माणूस घर दाखवतच नाही, नुसती भिंत दाखवतो. मी अंगणात असतानाच एक जोडपं आलं, बाईच्या कडेवर लहान बाळ. काका त्यांना थेट मागच्या खोलीत घेऊन गेले. मी दारातून बघत होते. लोखंडी कपाट तिथे नव्हतं. सगळी भिंत उघडी होती, सगळ्या रेघांसकट, पहिल्या पस्तिसापासून.

त्यांनी टॉर्च आडवा लावला. "हितं ओल व्हती. चूक माझी, आणि मी ती लपवली. हितं राहणाऱ्या ताईंच्या पोरीला दम लागला. आता वाळली हाय, पण माझ्यावर इस्वास ठेवू नका. हात लावा."

त्या बाईने बाळ नवऱ्याकडे दिलं आणि भिंतीवर पूर्ण तळवा ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, कोरडी आहे.

"थांबा," काका म्हणाले. "पाठ बघितल्याबिगर हो म्हणू नका."

ते त्यांना अंगणातून फिरवून आपल्या दाराशी घेऊन गेले. ज्या दारात माझा खिचडीचा डबा अडला होता, ते दार त्यांनी वाजवलं.

"अगं, पाहुणे आलेत. मोरी बघायची म्हणतात."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"या की," काकू म्हणाल्या. "आत या."